आहे तेच घर पुन्हा आवडू लागण्यासाठी: बघणं, दुरुस्ती, मांडणी, उजेड

घर मनातून उतरायला फार मोठं कारण लागत नाही. दार खालून घासतं, नळ रात्रभर टपटपतो, बैठकीच्या खोलीत छताला एकच पांढराफटक दिवा आहे आणि खिडकीजवळची सगळ्यात चांगली जागा घड्या न केलेल्या कपड्यांनी अडवली आहे. यातल्या एकेका गोष्टीची इतकी सवय झालेली असते की तिचं नाव घेऊन तक्रार करणं सुचतच नाही. मग तक्रार सगळ्या घरावर जाते: "आता इथे राहण्यात मजा नाही."

चांगल्या गोष्टींचंही तेच होतं. राहायला आलो तेव्हा जी खिडकी बघून हरखलो होतो, तिच्याकडे काही महिन्यांत लक्षही जाईनासं होतं. परिस्थिती सुधारली की माणूस खूश होतो, पण हळूहळू तिला सरावतो आणि जवळजवळ पूर्वीच्याच पातळीवर येऊन थांबतो, असं फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलं होतं. नवं घर घेतलं म्हणून या सवयीतून सुटका होत नाही. त्यामुळे कामं दोन आहेत: खुपणाऱ्या गोष्टी एकेक करून शोधायच्या आणि संपवायच्या, आणि चांगल्या गोष्टी पुन्हा नजरेला पडतील, वापरात येतील अशी व्यवस्था करायची.

या कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बघणं, मग दुरुस्ती, मग पसारा कमी करणं, मग सामान हलवणं, मग उजेड. खरेदी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट सुरुवात करतात: नवा सोफा किंवा नवे पडदे आणतात. ते दोन महिने छान वाटतात, पण घासणारं दार घासतच राहतं.

भिंतीतली वाढत जाणारी तिरपी भेग, छतातून झिरपणारं पाणी, स्विचला हात लावल्यावर बसणारा झटका, गॅसचा वास या गोष्टी मात्र या लेखाच्या कक्षेबाहेरच्या आहेत. त्यांच्याशी जुळवून घ्यायचं नसतं. जाणकार माणूस बोलावून त्या आधी नीट करून घ्या.

पहिले दोन आठवडे: फक्त बघा

या काळात घरासाठी काहीही विकत घेऊ नका आणि काही फेकूही नका. एक वही घ्या. डाव्या पानावर खुपणाऱ्या गोष्टी, उजव्या पानावर आवडणाऱ्या.

नोंद करताना जागा आणि वेळ लिहायची. "कपाट वाईट आहे" ही नोंद कामाची नाही. "कपाटाचं उजवं दार उघडलं की पलंगाच्या कडेला आपटतं, त्यामुळे रोज कपडे वाकून काढावे लागतात" ही कामाची आहे, कारण उपाय तिच्यातच दिसतो: पलंग १० सेंटीमीटर सरकवा. आवडत्या बाजूलाही तसंच. "घर हवेशीर आहे" असं लिहून काही हाती लागत नाही. "संध्याकाळी मागचं दार आणि पुढची खिडकी एकदम उघडली की मधल्या खोलीत वारा येतो" असं लिहिलं तर ती गोष्ट उद्या मुद्दाम करता येते.

सरावलेल्या डोळ्यांना दिसत नाही ते दाखवणाऱ्या काही युक्त्या आहेत.

प्रत्येक खोलीचा फोटो चारही कोपऱ्यांतून काढा. फोन छातीच्या उंचीवर धरा, नेहमीची लेन्स वापरा, आवराआवर करू नका. फोटो लगेच बघू नका, दुसऱ्या दिवशी बघा. आधी रंगीत, मग कृष्णधवल करून. रंग गेले की नजर सगळ्यात आधी कुठे ओढली जाते ते कळतं: बहुधा उघडी वायर, टेबलावरचा कागदांचा ढीग किंवा डोळ्यांत घुसणारा दिवा. मग तोच फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करा. चित्रकार स्वतःच्या चित्रातल्या चुका शोधायला हीच युक्ती वापरतात. खोली अनोळखी दिसते आणि तिचा तोल कुठे ढळलाय ते पटकन लक्षात येतं.

ज्या जागी कधीच बसत नाही तिथे दहा-दहा मिनिटं बसा: जमिनीवर, पलंगाच्या पायथ्याशी, जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. नेहमीच्या खुर्चीतून रोज तीच एक भिंत दिसत असते, आणि घराची चांगली बाजू अनेकदा त्या खुर्चीच्या पाठीमागे असते.

सुट्टीच्या एका दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी चार आणि संध्याकाळी सात वाजता घरभर फिरून ऊन आणि उजेड कुठे पडतोय ते वहीत साध्या आराखड्यावर रेखा. सूर्याचा मार्ग ऋतूप्रमाणे बदलतो, तेव्हा तीन महिन्यांनी हे पुन्हा करा. आणि कधी चार दिवस बाहेर राहून परत आलात तर दार उघडल्यापासूनची पहिली दहा मिनिटं सोन्याची आहेत. वास, कोंदटपणा, अंधार, आवाज तेवढ्याच वेळात जाणवतात, मग नाक आणि कान पुन्हा सरावतात. पिशव्या खाली ठेवण्याआधी वही उघडा.

घरात आणखी माणसं असतील तर प्रत्येकाची वही वेगळी. एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची असं केलंत, तर पुढे एकाच्याच सोयीचं घर होतं. लहान मुलांना "तुझी सगळ्यात आवडती जागा दाखव" एवढंच विचारा. मुलं हमखास अशी जागा दाखवतात जी मोठ्यांच्या लक्षातही नसते.

याच दोन आठवड्यांत इतरांच्या सुंदर घरांचे फोटो बघणं बंद ठेवलेलं बरं. ते फोटो बहुधा रुंद कोनाच्या लेन्सने काढलेले असतात, त्यामुळे खोली आहे त्याहून बरीच लांबरुंद दिसते. चार्जर, चपला, औषधांच्या बाटल्या आधीच उचललेल्या असतात आणि उजेड हवा तसा येईपर्यंत वाट पाहिलेली असते. राहतं घर कोणत्याही वेळी तसं दिसत नाही, त्या फोटोतलंसुद्धा.

तिसरा आठवडा: लहान दुरुस्त्या

डाव्या पानावरच्या प्रत्येक नोंदीपुढे दोन आकडे लिहा: ती गोष्ट दिवसातून किती वेळा आड येते, आणि दुरुस्तीला साधारण किती वेळ लागेल. रोज दहा वेळा आड येणारी आणि अर्ध्या तासात सुटणारी कामं सगळ्यात आधी. लोक हमखास मोठ्या कामापासून सुरुवात करतात, ते अडलं की सगळंच सोडून देतात.

सामान आधी एका डब्यात गोळा करून ठेवा: सपाट आणि चौफुली स्क्रू ड्रायव्हर, कमीजास्त होणारा पाना, पक्कड, मोजपट्टी, लाकूडकामाचा पांढरा गोंद, बारीक सँडपेपर, पेट्रोलियम जेली, चिकटणाऱ्या फेल्टच्या चकत्या, कागदी चिकटपट्टी, जुना सुती कपडा. बहुतेक कामं एवढ्यात होतात.

*घासणारं दार.* दार घासतंय म्हणून लगेच रंधा मारायला जाऊ नका, ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. दमट दिवसांत रंधलेल्या दारात पुढे फट पडते आणि ती भरून काढता येत नाही. आधी बिजागऱ्या बघा. वरची बिजागरी सैल झाली की दार कडीच्या बाजूला कलतं, आणि मग त्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला किंवा खालचा कोपरा जमिनीला घासतो. दार अर्धवट उघडून कडीच्या बाजूने वर उचलून बघा. बिजागरीपाशी हालचाल दिसली तर दोष स्क्रूंमध्ये आहे.

स्क्रू घट्ट होत नुसताच फिरत असेल तर भोक मोठं झालंय. दाराखाली पुस्तकं किंवा पाचर सरकवून त्याचं वजन पेला, म्हणजे बिजागरी सुटल्यावर दार लोंबकळणार नाही. एका वेळी एकाच बिजागरीचे स्क्रू काढा. गूल तोडलेल्या काड्यापेटीच्या काड्या किंवा टूथपिक गोंदात बुडवून भोकात गच्च बसवा, बाहेर आलेला भाग कापून सपाट करा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी तोच स्क्रू पुन्हा पिळा. गोंद ओला असताना स्क्रू पिळला तर काड्या आत सरकतात आणि पकड येत नाही. एवढं करूनही दार घासत असेल तर कडेला खडू लावून दार बंद करा. चौकटीवर खडू उमटतो तिथेच, आणि तेवढंच, दार सँडपेपरने घासा. उघडी पडलेली कड रंगवायला विसरू नका, नाहीतर तिथूनच ओल आत जाते.

दार नुसतं करकरत असेल तर बिजागरीची दांडी काढून पुसा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा आणि परत घाला. खाद्यतेल नको, ते काही आठवड्यांत चिकट होऊन धूळ धरतं. कुलपाच्या भोकात मात्र तेल किंवा जेली काहीच घालू नका, ग्राफाइटची पूड घाला.

*गळका नळ.* चार-पाच फेरे फिरवून बंद होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नळात दोष बहुतेक वेळा रबरी वायसरचा असतो. नळाखालचा कॉक किंवा घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि बेसिनच्या भोकावर कपडा टाका, नाहीतर स्क्रू त्यातच जाणार. वरची टोपी आणि मूठ काढा, पान्याने स्पिंडल, म्हणजे आतली फिरणारी दांडी, सोडवा. त्याच्या खालच्या टोकाला वायसर असतं. जुनं वायसर बरोबर नेऊन त्याच मापाचं आणा. बसवण्याआधी नळाच्या आत, वायसर जिथे टेकतं त्या कडेवर बोट फिरवा. ती खडबडीत किंवा खाचलेली असेल तर नवं वायसरही लवकर जाईल, ती कड घासून घ्यावी लागते. बसवल्यावर नळ हलक्या हाताने बंद करायची सवय लावा. गळतोय म्हणून जोर लावून पिळल्यानेच वायसर चिरतं. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात वायसर नसतं, आत सिरॅमिकच्या चकत्यांचं काडतूस असतं. ते आख्खं बदलावं लागतं, आणि त्यासाठी जुनं काढून दुकानात दाखवणं हाच खात्रीचा मार्ग.

बाकीची कामं पटापट उरकण्यासारखी आहेत. नळाची धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी सोडवून अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. व्हिनेगर संगमरवरावर किंवा इतर चुनखडी दगडावर सांडू देऊ नका, चकाकी कायमची जाते, आणि ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू तयार होतो. फ्लशची टाकी आतल्या आत गळतेय अशी शंका असेल तर टाकीत गडद रंगाचे थेंब टाका आणि फ्लश न करता वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर बदला. लाकडी ड्रॉवर अडकत असेल तर त्याच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासा. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावताना आधी पाय धुऊन वाळवा, धुळीवर लावलेला फेल्ट आठवड्यात निघतो. पंखा डुलत असेल तर वीज मेनपासून बंद करून पात्यांवरची धूळ पुसा आणि स्क्रू आवळा. मग प्रत्येक पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचं अंतर मोजा. एखादं पातं वेगळं भरलं तर ते वाकलंय.

पसारा: आडव्या जागांपासून सुरुवात

पसाऱ्याचा विचार कपाटं उघडून करू नका. कपाटाच्या आतलं रोज दिसत नाही. नजरेला थकवतात त्या आडव्या जागा: टेबल, ओटा, फ्रिजचा माथा, खिडकीचा कठडा, पलंगाशेजारचं स्टूल. एका वेळी एकच जागा घ्या. तिच्यावरचं सगळं उचला, पृष्ठभाग पुसा आणि तिथे रोज वापरात येणाऱ्या वस्तूच परत ठेवा. उरलेलं एका खोक्यात घाला, त्यावर तारीख लिहा. सहा आठवड्यांत ज्यासाठी खोकं उघडलं नाही त्याला त्या जागेची गरज नाही. आठवणींच्या वस्तूंना हा नियम लावू नका. त्या वेगळ्या काढा, त्यातल्या दोन-तीन नीट दिसतील अशा मांडा आणि बाकीच्या जपून ठेवा.

आवरलेली जागा पुन्हा भरते त्यामागे आळसापेक्षा अंतर जास्त असतं. वस्तू जिथे हातातून सुटते तिथून तिची जागा दोन-तीन पावलांपेक्षा लांब असेल तर ती जवळच्या टेबलावरच राहणार. किल्ल्या दाराशी टेबलावर पडतात ना, मग त्यांचा खिळा दाराशीच ठोका, आतल्या खोलीत नको. रोजच्या वस्तू कंबर ते खांद्याच्या उंचीत, कधीतरी लागणाऱ्या वर, जड वस्तू खाली.

सामान हलवा, पण आधी जमिनीवर चिकटपट्टी लावा

सामान ओढण्याआधी नवी मांडणी कागदी चिकटपट्टीने जमिनीवर आखा आणि एक दिवस तिच्याभोवती वावरून बघा. काही मापं धरून चाला. येण्याजाण्याची वाट ७५ ते ९० सेंटीमीटर. सोफा आणि पुढचं टेबल यांत ४० ते ४५, म्हणजे कप ठेवायला हात पोचतो आणि गुडघेही आपटत नाहीत. जेवणाच्या टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत ९० सेंटीमीटर असले तर बसलेल्या माणसाला न उठवता मागून जाता येतं. पलंगाच्या ज्या बाजूने उतरता तिथे निदान ६०. गप्पा मारायच्या जागा एकमेकींपासून अडीच मीटरपेक्षा लांब नसाव्यात, नाहीतर आवाज चढवावा लागतो आणि लोक आपोआप फोनमध्ये जातात.

सगळं सामान भिंतींना चिकटवलं की खोली मोठी वाटते असा समज आहे. प्रत्यक्षात मध्ये कुणी न वापरणारा चौक तयार होतो. दोन खुर्च्या भिंतीपासून सुटवून एकमेकींकडे थोड्या वळवून बघा. बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाटही पाच सेंटीमीटर पुढे घ्या. मागे हवा खेळली नाही की गार भिंतीवर दव धरतं आणि बुरशी येते.

भिंतीवरची चित्रं आणि फोटो बहुतेक घरांत फार उंच लावलेले असतात. चौकटीचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर हवा. सोफ्याच्या वर असेल तर खालची कड पाठीपासून १५ ते २० सेंटीमीटर वर. एवढ्या एका बदलाने भिंत आणि सामान यांचा संबंध जुळतो.

उजेड: सगळ्यात कमी कष्टांत सगळ्यात मोठा फरक

आधी दिवसाचा उजेड. काचा आतून-बाहेरून धुवा, पण ऊन काचेवर असताना नको, पाणी झरझर वाळून पट्टे उमटतात. अर्ध्या बादली पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब पुरतात, जास्त घातलं तर फेसाचे डाग राहतात. रबरी पट्टीने वरून खाली ओढा आणि कडा कोरड्या कपड्याने टिपा. पडद्याचा दांडा खिडकीच्या दोन्ही बाजूंना १५ ते २५ सेंटीमीटर पुढे न्या, म्हणजे उघडलेला पडदा भिंतीवर जमतो, काच झाकत नाही. खिडकीलगतच्या, तिच्याशी काटकोनात असलेल्या भिंतीवर आरसा असेल तर उजेड खोलीत आत जातो. खिळा ठोकण्याआधी तो धरून, नेहमीच्या जागी बसून त्यात काय दिसतंय ते बघा. पसारा दिसत असेल तर आरसा तो दुप्पट करणार.

आता संध्याकाळ. छताच्या मध्यावरचा एकच तेज दिवा डोळ्यांखाली सावल्या पाडतो, कोपरे काळे ठेवतो आणि खोली सपाट करतो. त्याऐवजी तीन-चार कमी तेजाचे दिवे वेगवेगळ्या उंचीवर ठेवा: एक वाचण्याच्या जागेशी, एक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, एक टेबलावर. १२ ते १५ चौरस मीटरच्या बैठकीच्या खोलीला सगळे मिळून १५०० ते २००० ल्युमेन (दिवा किती उजेड देतो त्याचं माप) पुरतात. खरेदी करताना वॉट बघू नका, ल्युमेन बघा. साधारण ९ वॉटचा एलईडी दिवा ८०० ते ९०० ल्युमेन देतो.

खोक्यावरचे आणखी दोन आकडे बघायचे. पहिला केल्विनचा, म्हणजे उजेडाचा रंग. बसण्या-झोपण्याच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विन, ओट्यावर किंवा कामाच्या टेबलावर ४०००. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड रात्री घरात नको. एका नजरेत येणाऱ्या सगळ्या दिव्यांचा केल्विन एकच ठेवा. एक पिवळसर आणि एक निळसर असे दिवे शेजारी लागले की दोन्ही बिघडल्यासारखे दिसतात. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, तो ९० किंवा त्याहून जास्त असू द्या. तो कमी असेल तर माणसांची त्वचा आणि लाकूड राखाडी, आजारी दिसतं, आणि लोक दोष भिंतीच्या रंगाला देतात.

वाचायच्या दिव्याच्या शेडची खालची कड जमिनीपासून १०० ते ११० सेंटीमीटरवर ठेवा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची साधारण तेवढीच असते, त्यामुळे उघडा बल्ब डोळ्यांत जात नाही. दिवा खांद्याच्या थोडा मागे आणि बाजूला हवा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून छताचा दिवा वाढवण्यापेक्षा लहान दिवा जवळ आणणं केव्हाही बरं. तेज कमी करणारा डिमर बसवायचा असेल तर दिवा त्यासाठी चालणारा आहे असं खोक्यावर लिहिलेलं असायला हवं, नाहीतर तो लुकलुकतो. भाड्याच्या घरात नवी वायर टाकता येत नसेल तर प्लगवर चालणारे उभे आणि टेबलावरचे दिवे पुरेसे आहेत, आणि घर सोडताना ते बरोबर येतात.

आठवडाभर सूर्य मावळल्यावर छताचा दिवा लावूच नका. या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

आवाज आणि हवा

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग खणखणीत प्रतिध्वनी आला तर खोलीत कापड कमी आहे. गालिचा आणि दांड्याच्या लांबीच्या दुप्पट कापडाचे चुणीदार पडदे बोलण्याचा घुमारा कमी करतात. ते बाहेरचा आवाज मात्र फारसा अडवत नाहीत. तो फटींतून येतो, म्हणून खिडकीच्या कडांना रबरी पट्टी लावा. फ्रिज घुमत असेल तर पातळीमापक ठेवून त्याचे पाय समतल करा आणि तो भिंतीला किंवा कपाटाला टेकलाय का बघा.

रोज दहा मिनिटं समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर घर ना कोंदट वाटत ना कोरडं, साधा आर्द्रतामापक ती दाखवतो. सुगंधी फवारे मारून कुबट वास झाकू नका. त्याचं मूळ बहुधा तुंबलेल्या जाळीत, ओल्या पायपुसण्यात किंवा कपाटाच्या मागे असतं.

स्वतःची एक जागा

घर आवडायला लागण्यात सगळ्यात मोठा वाटा बहुधा एका जागेचा असतो. जे ॲपलटन या भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये एक कल्पना मांडली: जिथून समोरचं लांबवर दिसतं पण स्वतः मात्र आडोशाला राहता येतं, अशा जागी माणसाला बरं वाटतं. खोलीत ही जागा शोधायची तर पाठीला भिंत किंवा उंच पाठीची खुर्ची, समोर दार आणि खिडकी दोन्ही दिसतील अशी बैठक, आणि मागून कुणाची ये-जा नाही. उजेडाच्या आराखड्यात बघा, तुमच्या मोकळ्या वेळी तिथे नैसर्गिक उजेड असतो का. रात्रीच मोकळे असाल तर उन्हाच्या जागेचा अट्टहास नको.

त्या जागेला चार गोष्टी लागतात: आरामात पाठ टेकेल असं आसन, हाताच्या अंतरावर कप मावेल एवढं टेबल, आपला दिवा, आणि खिडकीतून किंवा निदान कुंडीतल्या झाडाच्या रूपाने काहीतरी हिरवं. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा कमी दिवस रुग्णालयात राहावं लागलं होतं. चार्जरची वायर मात्र या जागेपर्यंत येऊ देऊ नका. फोन तिथे चार्ज होऊ लागला की ती जागा फोनची होते. आणि घरातल्या प्रत्येकाला अशी एक जागा असू द्या, मग ती खिडकीच्या कठड्याएवढी का असेना.

टिकवायचं कसं

पुन्हा सराव होणार हे धरूनच चाला. म्हणून सगळी चित्रं, सगळ्या शोभेच्या वस्तू एकदम मांडू नका. निम्म्या आत ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल करा. जपून ठेवलेली भांडी आणि चादरी साध्या दिवशी वापरा. उजव्या पानावरच्या आवडत्या गोष्टींना वेळ नेमून द्या: चार वाजता ज्या कोपऱ्यात ऊन येतं तिथे सुट्टीच्या दिवशी चारला बसायचं, एवढं साधं. झोपण्याआधी दहा मिनिटं आवरून ठेवायची खोली ती, जी सकाळी सगळ्यात आधी दिसते.

खरेदी करायचीच असेल तर आता. वहीत जी नोंद दुरुस्तीनं, हलवण्यानं, उजेडानं सुटली नाही तिच्यासाठीच. भिंतीचा रंग बदलायचा तर थेट भिंतीवर ठिपके मारू नका, आजूबाजूचा जुना रंग नजरेला फसवतो. मोठ्या जाड कागदावर दोन हात देऊन तो वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री तुमच्याच दिव्यांखाली बघा.

तीन महिन्यांनी फोटो पुन्हा त्याच कोपऱ्यांतून काढा आणि डावं पान पुन्हा वाचा. उरलेल्या नोंदी दोन प्रकारच्या असतील. काही अजून दुरुस्त होण्यासारख्या आहेत, त्यांना तारीख टाका. काही घर बदलल्याशिवाय सुटणार नाहीत: एक खोली कमी पडते, कामाची जागा फार लांब आहे, जिने चढवत नाहीत. त्यांच्यासाठी या घराला दोष देत बसण्यात अर्थ नाही, तो वेगळा निर्णय आहे आणि तो शांतपणे घेता येतो. घ्यायचा झालाच तर नवं घर बघायला जाताना वही बरोबर न्या आणि उजवं पान आधी उघडा. इथे जे जे आवडतं त्यातलं तिथे काय नसेल, हे ठरण्याआधी कळलेलं बरं.